अपघात कुणामुळेही होवो, बिल कोण ठरवणार?

31 जुलै 2023 रोजी अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध दोन अशा बहुमताने एक निकाल दिला. 11 जून 2019 पूर्वीच्या मोटार अपघातांत जे जखमी झाले, त्यांच्या उपचारांवर आणि शुश्रूषेवर नव्या विमा कायद्याची कात्री चालणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. निकालाकडे डोळे लावून बसलेल्यांत मेंदूला जबर मार बसलेली, मणका मोडलेली, मानेखालचं शरीर कायमचं लुळं पडलेली माणसं होती. जुलै 2021 पासून दोन वर्षं यांच्या घरी येणाऱ्या मदतनीस कमी होत गेल्या होत्या. ज्या संस्था त्यांना पाठवत, त्यातल्या काहींनी दारं बंद केली होती. कारण होतं सरकारने ठरवलेलं एक दरपत्रक.

दरपत्रक हा शब्द रुक्ष आहे. पण रस्त्यावर जखमी झालेल्या माणसाचं पुढचं आयुष्य कसं जाणार, हे पुष्कळदा डॉक्टरपेक्षा हाच कागद ठरवतो. मिशिगनची गोष्ट सविस्तर सांगायची ती त्यासाठी.

मोटार अपघाताच्या भरपाईचा जुना रिवाज बहुतेक ठिकाणी एकच होता. चूक कुणाची, ते आधी कोर्टात सिद्ध करा, मग त्याच्याकडून किंवा त्याच्या विमा कंपनीकडून पैसे घ्या. यात वर्षं जात. साक्षीदार मिळाला नाही तर हातात काहीच पडत नसे, आणि किरकोळ दुखापतीला मात्र चांगल्या वकिलाच्या जोरावर भरघोस रक्कम मिळून जाई. 1965 मध्ये रॉबर्ट कीटन आणि जेफ्री ओकॉनेल या दोन कायद्याच्या प्राध्यापकांनी वेगळी योजना मांडली. दोष कुणाचाही असो, ज्याने त्याने उपचाराचा खर्च आपापल्या विमा कंपनीकडून घ्यावा, तोही लगेच. बदल्यात किरकोळ इजेसाठी समोरच्यावर दावा लावण्याचा हक्क सोडावा. हाच नो-फॉल्ट विमा. मॅसॅच्युसेट्स राज्याने तो 1 जानेवारी 1971 पासून लागू केला. तिथे त्या विधेयकामागे उभा राहिलेला तरुण आमदार मायकल डुकाकिस पुढे गव्हर्नर झाला आणि 1988 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवारही.

अमेरिकेत मोटार विम्याचे नियम वॉशिंग्टनमध्ये ठरत नाहीत. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, विमा आयुक्त वेगळा. त्यामुळे नो-फॉल्टची रूपंही निरनिराळी झाली. फ्लोरिडात हे संरक्षण 10 हजार डॉलरपुरतं, न्यू यॉर्कमध्ये 50 हजार. मिशिगनचा कायदा 1 ऑक्टोबर 1973 पासून लागू झाला आणि त्याने उपचारखर्चावर मर्यादाच ठेवली नाही. अपघातग्रस्ताला जे वाजवी आणि आवश्यक, ते सगळं, हयातभर. शस्त्रक्रिया आली, पुनर्वसन आलं, खुर्ची आत जावी म्हणून रुंद केलेले दरवाजे आले, रात्री कूस बदलायला लागणारा माणूस आला. शिवाय बुडालेल्या पगाराच्या 85 टक्के रक्कम, तीन वर्षांपर्यंत. समोरच्यावर दावा लावायचा तर मृत्यू, शरीराच्या कार्यात गंभीर बिघाड किंवा कायमची गंभीर विद्रूपता, या तीनच कारणांसाठी.

कालांतराने एवढा उदार मोटार विमा अमेरिकेत दुसऱ्या कुठल्याही राज्यात उरला नाही. एखादी केस कोट्यवधी डॉलरची झाली तर छोटी कंपनी बुडेल, म्हणून 1978 मध्ये राज्याने सगळ्या कंपन्यांचा मिळून एक फंड उभारला. ठरावीक रकमेवरचा खर्च हा फंड देतो आणि त्यासाठी राज्यातल्या गाड्यांमागे दरवर्षी आकार वसूल होतो. 2019 साली तो गाडीमागे 220 डॉलरवर गेला होता. हप्ता त्याच्यावर वेगळाच.

या उदार कायद्यात एक मोठी उणीव राहून गेली होती. किती उपचार द्यायचे याला मर्यादा नव्हती, आणि त्या उपचारांचा दर काय असावा, हेही कुठे लिहिलेलं नव्हतं. कायद्यात शब्द होता ‘वाजवी’, आणि विमा नसलेल्या रुग्णाला सर्वसाधारणपणे लावतात त्याहून जास्त आकार लावू नये, एवढीच अट होती.

एकच मोडलेला पाय घ्या. रुग्ण पासष्टीपुढचा असेल तर केंद्र सरकारची मेडिकेअर योजना तिच्या ठरलेल्या दराने पैसे देते. तोच पाय कारखान्यात मोडला तर कामगार भरपाई कायद्याचं दरपत्रक लागतं. खासगी आरोग्य विमा असेल तर कंपनीने रुग्णालयाशी घासाघीस करून ठरवलेला दर. आणि पाय मोटार अपघातात मोडला असेल तर? तर मिशिगनमधलं रुग्णालय आपल्या दरसूचीतली पुरी रक्कम लावायला मोकळं होतं. ही दरसूची म्हणजे घासाघीस सुरू होण्याआधीचा आकडा. प्रत्यक्षात तेवढे पैसे फार थोडे लोक देतात. मोटार विमा कंपन्यांनी हरकत घेतली की प्रकरण कोर्टात जाई आणि ‘वाजवी’चा अर्थ दर खटल्यात नव्याने लागे. रुग्णालयांना इतर रुग्णांवर होणारा तोटा भरून काढायला अपघाताचा रुग्ण ही सोयीची जागा झाली. हे दशकानुदशकं चाललं.

त्याची किंमत हप्त्यातून वसूल होत राहिली, आणि सगळ्यात जास्त डेट्रॉइटमधून. मोटारींचं शहर म्हणून जगाला ठाऊक असलेल्या या गावातल्या गरीब वस्त्यांत मोटारीचा विमा देशातल्या सर्वांत महागांपैकी होता. विम्याशिवाय गाडी चालवणं बेकायदा, आणि सार्वजनिक वाहतूक दुबळी असल्यामुळे गाडीशिवाय नोकरी मिळणं कठीण. असंख्य लोक विमा न काढताच गाडी चालवत राहिले. ज्यांच्यासाठी हा कायदा सर्वांत जास्त गरजेचा होता, तेच त्याच्या बाहेर फेकले गेले. मर्यादा घालण्याचे प्रस्ताव 1992 आणि 1994 मध्ये मतदारांसमोर गेले होते; दोन्ही वेळा लोकांनी ते नाकारले. हयातभराची हमी त्यांना सोडायची नव्हती, आणि मला तो कौल समजू शकतो.

2019 मध्ये मात्र गाडं पुढे सरकलं. डेट्रॉइटचे महापौर माइक डगन यांनी हा विषय लावून धरला होता. ते स्वतः शहरातल्या मोठ्या रुग्णालय समूहाचे प्रमुख राहिलेले, त्यामुळे बिलं कशी बनतात हे त्यांना आतून माहीत होतं. 30 मे 2019 रोजी मिशिगनमधल्याच मॅकिनॉ बेटावर गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर यांनी डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन अशा दोन्ही पक्षांनी मंजूर केलेल्या विधेयकावर सही केली.

नव्या कायद्याने दोन मोठे बदल केले. पहिला विमा घेणाऱ्याच्या बाजूचा. जुलै 2020 पासून अमर्याद संरक्षण सक्तीचं राहिलं नाही. अडीच लाख डॉलर, पाच लाख डॉलर किंवा अमर्याद, यांतून निवड करता येऊ लागली. गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेतल्यांना 50 हजारांचा पर्याय, आणि मेडिकेअर असलेल्यांना हे संरक्षण पुरतं सोडण्याचीही मुभा. हप्त्यातला वैद्यकीय हिस्सा किती उतरला पाहिजे तेही कायद्याने बांधून दिलं: 50 हजारांच्या पर्यायाला सरासरी 45 टक्के, अडीच लाखांना 35, पाच लाखांना 20, अमर्यादला 10. लिंग, लग्न झालंय की नाही, शिक्षण, व्यवसाय, पिन कोड यांवरून हप्ता ठरवायला मनाई झाली. हे चांगलं झालं.

दुसरा बदल बिलांचा. 2 जुलै 2021 पासून अपघाताच्या उपचाराचं बिल मेडिकेअरच्या दराच्या दुपटीला बांधलं गेलं. मेडिकेअर ज्या तपासणीला 1 हजार डॉलर देते, तिचे मोटार विम्याकडून जास्तीत जास्त 2 हजार. गंभीर अपघात हाताळणाऱ्या ट्रॉमा केंद्रांना आणि गरीब रुग्ण जास्त पाहणाऱ्या रुग्णालयांना थोडं अधिक. दोन वर्षांत ही दुप्पट 190 टक्क्यांपर्यंत उतरवत नेली. रुग्णालयांनी कुरकुर केली, पण दुपटीत कुणाचं दिवाळं निघणार नव्हतं. इथपर्यंत कायदा शहाणा होता, असं मी म्हणेन.

घोटाळा झाला पुढच्या वाक्यात. ज्या सेवेला मेडिकेअरचा दरच नाही, तिला काय द्यायचं? कायदा म्हणाला, 1 जानेवारी 2019 रोजी जो आकार होता त्याच्या 55 टक्के. वाचताना हे किरकोळ वाटतं. पण मेडिकेअरकडे दर नसलेली सर्वांत मोठी सेवा म्हणजे घरी राहून वर्षानुवर्षं केलेली शुश्रूषा. मेडिकेअर मुळात वृद्धांच्या आजारपणासाठी आहे. पंचविशीत मानेचा मणका मोडलेल्या मुलाला पुढची चाळीस वर्षं सांभाळणं तिच्या हिशेबात कधी नव्हतंच. म्हणून सबंध घरगुती शुश्रूषा त्या 55 टक्क्यांच्या खान्यात पडली.

उदाहरणादाखल हिशेब करू. एखादी संस्था मदतनीस पाठवायचे तासाला 30 डॉलर घेत होती. आता तिला साडेसोळा मिळणार. पुढे महागाईची वाढ जोडली तरी पाया तोच. त्यातून मदतनिसाचा पगार, कर, प्रशिक्षण, रजेवरच्या माणसाची बदली, कार्यालयाचं भाडं. एमआरआय यंत्राच्या बिलात नफ्याची चरबी असते, ती छाटली तरी यंत्र चालू राहतं. माणसाच्या तासात तेवढी चरबी नसते; तिथे 45 टक्के कापले की माणूसच निघून जातो. सोनं आणि सरपण एकाच तराजूत तोललं गेलं.

याच्याच जोडीला आणखी एक कलम होतं. घरातल्या व्यक्तीने, नातेवाइकाने किंवा आधीपासून ओळखीच्या माणसाने शुश्रूषा केली तर विमा कंपनीला आठवड्याला 56 तासांपुरतेच पैसे देणं बंधनकारक. नवऱ्यासाठी नोकरी सोडलेली बायको, मुलासाठी घरी बसलेली आई, यांना आजवर मोबदला मिळत होता, तो दिवसाला आठ तासांवर आला. आठवड्याचे तास 168. ज्याला श्वासनलिकेत साचलेला कफ कोणत्याही क्षणी काढावा लागतो, त्याचे उरलेले 112 तास कुणी पाहायचे? संस्थेकडून माणूस घ्या, असं कायदा सांगत होता, आणि त्याच कायद्याने संस्थांचा दर पाडला होता. ही दोन कलमं लिहिणाऱ्यांनी ती शेजारी ठेवून एकदा वाचली असती, तर पुढचे हाल टळले असते.

2021 च्या उन्हाळ्यात संस्थांनी रुग्ण सोडायला सुरुवात केली. लान्सिंगला, राज्याच्या विधिमंडळासमोर, चाकाच्या खुर्च्यांचे मोर्चे आले. राज्याने संस्थांसाठी 2 कोटी 50 लाख डॉलरचा मदतनिधी काढला. पण मुळात दरच चुकला असेल तर अशा निधीने फार काळ भागत नाही.

दोघा अपघातग्रस्तांनी आणि एका पुनर्वसन केंद्राने न्यायालयात धाव घेतली होती. त्यांचं म्हणणं साधं होतं. आम्ही हप्ता भरला तेव्हा पॉलिसीत अमर्याद उपचार होते. अपघात झाला त्या दिवशी आमचा हक्क पक्का झाला. आता कराराच्या अटी मागच्या तारखेने कशा बदलता? ऑगस्ट 2022 मध्ये अपील न्यायालयाने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केलं. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती एलिझाबेथ वेल्श यांनी लिहिला. जुन्या जखमींना नवा कायदा लागू करण्याचा हेतू विधिमंडळाने स्पष्ट शब्दांत नोंदवलेला नाही, हा त्यातला कळीचा मुद्दा.

पैशांची बाजूही पाहायला हवी. बिलं कमी होणार या हिशेबावर त्या सामाईक फंडात सुमारे 5 अब्ज डॉलरची शिल्लक दिसू लागली होती. 2022 च्या वसंतात त्यातून दर गाडीमागे 400 डॉलर वाहनधारकांना परत दिले गेले. एकूण 3 अब्ज. त्यानंतर अपील न्यायालयाचा निकाल आला, जुन्या रुग्णांचा खर्च पुन्हा पूर्ण दराने धरावा लागला आणि फंडात तूट आली. जुलै 2023 पासून गाडीमागे 48 डॉलरचा तूट-भरपाई आकार सुरू झाला. हातात आलेला धनादेश कुणाच्या घरातल्या मदतनिसाच्या पगारातून आला होता, हे त्या वेळी फार थोड्यांनी विचारलं.

11 जून 2019 नंतर जखमी झालेल्यांना मात्र या निकालाने काही मिळालं नाही. अमर्याद संरक्षण विकत घेतलेल्या माणसालाही तो कापलेला दर आणि 56 तासांची मर्यादा लागू आहे. दर सुधारणारी विधेयकं राज्याच्या सिनेटने ऑक्टोबर 2023 मध्ये मंजूर केली. ती प्रतिनिधिगृहात अडकली. आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे कमी लक्ष जातं. अडीच लाखांची मर्यादा संपल्यावर उरलेल्या खर्चासाठी दोषी चालकावर दावा करता येतो. म्हणजे दोष कुणाचा हा प्रश्न 1973 मध्ये पुढच्या दाराने बाहेर काढला होता, तो मागच्या दाराने परत आला. सर्वांत जबर जखमींनाच आता पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागणार.

याहून शहाणी वाट होती. न्यू यॉर्कने 1970 च्या दशकातच कामगार भरपाईचं दरपत्रक मोटार अपघातांना लावलं. तिथे मर्यादा लहान आहे, पण दराची अनागोंदी तेवढी वाढली नाही. आपली मराठी वस्ती मोठी असलेल्या न्यू जर्सीत 15 हजार डॉलरच्या संरक्षणाचा स्वस्त पर्याय घेणाऱ्यालाही मेंदूची किंवा मणक्याची कायमची गंभीर इजा झाली तर अडीच लाखांपर्यंत उपचार मिळतात. स्वस्त पॉलिसी घेणारा गरीब असतो, आणि जबर इजा गरिबाला ओळखून होत नाही, हे त्या नियमात धरलेलं आहे. मला तो नियम फार मोलाचा वाटतो.

आपल्याकडेही हा विषय परका नाही. मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये म्हटलं होतं, की निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय भरपाई नाही. त्यानंतर 1982 च्या दुरुस्तीने दोष न पाहता मृत्यूसाठी 15 हजार आणि कायमच्या अपंगत्वासाठी साडेसात हजार रुपये ठरले. आज मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 नुसार ती रक्कम मृत्यूला 5 लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख आहे, आणि ती स्वीकारली की न्यायाधिकरणातला दावा संपतो. 5 मे 2025 पासून अपघातग्रस्तांसाठी देशभर रोकडरहित उपचार योजना आली: दीड लाख रुपयांपर्यंत, सात दिवस. पहिल्या तासांत पैशाअभावी उपचार थांबू नयेत म्हणून तिचं मनापासून स्वागत केलं पाहिजे. पण आठव्या दिवशी घरी नेलेल्या, कमरेखाली लुळ्या पडलेल्या तिशीतल्या माणसाची शुश्रूषा कुणी करायची आणि तिचा दर काय, याचं उत्तर त्या योजनेत नाही. ती शुश्रूषा त्याची आई किंवा बायको फुकट करते आणि ती कुठल्याही बिलात दिसत नाही. मिशिगनने निदान दशकानुदशकं त्या आईच्या कामाला पगार दिला.

आता ज्यांची मुलं-सुना, लेकी-जावई डेट्रॉइटच्या परिसरात, ट्रॉय, नोव्हाय, कँटन, फार्मिंग्टन हिल्सला राहतात, त्यांच्यासाठी. मोटार उद्योगातल्या नोकऱ्यांमुळे तिथे मराठी घरं भरपूर आहेत आणि इथून आई-वडील सहा-सहा महिने जाऊन राहतात. 2019 च्या कायद्यात एक कलम असं आहे, की मिशिगनचा रहिवासी नसलेल्या व्यक्तीला तिथला नो-फॉल्ट वैद्यकीय लाभ मिळत नाही, अपवाद फक्त तिच्या स्वतःच्या नावावर तिथे नोंदलेली आणि विमा उतरवलेली गाडी असेल तर. पर्यटक व्हिसावर गेलेले आजी-आजोबा मुलाच्या गाडीत मागच्या सीटवर बसलेले असले, मुलाने अमर्याद संरक्षण घेतलेलं असलं, तरी त्या संरक्षणावर त्यांनी विसंबू नये. जाण्यापूर्वी मोठ्या रकमेचा प्रवासी आरोग्य विमा घ्या, त्यात मोटार अपघात वगळलेला नाही ना ते वाचा, आणि पूर्वीचे आजार कसे धरले आहेत तेही पाहा.

तिथे नोकरी करणाऱ्या तरुणांनाही सांगायचं आहे. कंपनीचा आरोग्य विमा आहे म्हणून मोटार विम्यातलं वैद्यकीय संरक्षण सोडून देण्याचा मोह होतो, कारण हप्ता लगेच उतरतो. आरोग्य विमा शस्त्रक्रियेचे पैसे देईल. घरात राहणारा मदतनीस, रुंद केलेला दरवाजा, खुर्ची चढवता येईल अशी गाडी, यांचे सहसा देत नाही. नोकरी गेली तर तो विमाही जातो, आणि लुळं पडलेल्या माणसाची नोकरी बहुधा जातेच. पॉलिसीच्या पहिल्या पानावर वैद्यकीय संरक्षणाची रक्कम लिहिलेली असते. ती आज काढून पाहा, आणि परवडत असेल तर अमर्यादचाच पर्याय घ्या.